पाऊस आला की लेखन

दक्षिण कोकणात शाळांची कामं करणारे आम्ही नऊ आर्किटेक्ट महिन्यातून एकदा भेटतो. नोंदणी नाही, वर्गणी नाही. आपल्यातल्या कुणीतरी केलेली, निदान दोन पावसाळे वापरात असलेली शाळा ठरवायची आणि ती भरलेली असताना बघायची. शनिवार बरा पडतो. सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते, मग रिकाम्या वर्गांत मोजायचा टेप लावता येतो. नियम एकच पण कडक: ज्याची शाळा, त्याने पहिला तास बोलायचं नाही. तो बोलू लागला की सगळे त्याचा नकाशा ऐकतात, समोरची इमारत बघायची राहून जाते.

जुलैतल्या त्या शनिवारी आम्ही सिंधुदुर्गातल्या एका गावात होतो. सात वर्ग, २१० मुलं. भिंती जांभ्याच्या, जुन्या आणि उत्तम. छप्पर मात्र तीन वर्षांपूर्वी बदललेलं: मंगलोरी कौलं उतरवून ०.५ मिलिमीटरचा रंगीत पत्रा. कारणं सगळ्या कोकणाला ठाऊक आहेत. माकडं कौलं फोडतात, दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करावी लागते आणि ती करणारी माणसं आता मिळत नाहीत. पत्रा घालणाऱ्याला मी दोष देणार नाही, मीही घातला आहे.

आठ चाळीसला आम्ही पहिलीच्या वर्गात मागे बसलो होतो. बाई ‘थ’ शिकवत होत्या: थवा, थाळी, थेंब. ‘थेंब’ म्हणता म्हणता सर आली. बाईंनी शब्द अर्ध्यावर सोडला आणि फळ्याकडे वळून तीन ओळी लिहिल्या. कुणी काही सांगितलं नाही, पण तेवीसच्या तेवीस मुलांनी दप्तरातून वह्या काढून उतरवायला सुरुवात केली. सर ओसरल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, “पाऊस आला की लेखन, सर. वाचन उघडीप असेल तेव्हा.”

जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे याचा अर्थ जून ते सप्टेंबर पहिलीतलं पोर कित्येक तास धड अक्षर ऐकतच नाही. फोनवरच्या ॲपने त्या सरीत ७६ डेसिबल दाखवले. ॲपचा आकडा ढोबळ असतो, पण पाचसहा डेसिबल इकडेतिकडे धरले तरी चित्र बदलत नाही. शिक्षकाचा चढा आवाज एक मीटरवर ६५च्या आसपास असतो, शेवटच्या रांगेत त्याहून कमी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातल्या गोंगाटासाठी सुचवलेली मर्यादा ३५ आहे. गोंगाटात आधी बुडतात ती व्यंजनं, स्वर मागून. ‘थाळी’ आणि ‘टाळी’ एकच ऐकू येतात. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला संदर्भावरून शब्द ओळखणंही अवघड जातं.

कौलांखाली असं का होत नव्हतं? साधा हिशोब आहे. चौरस मीटरला पंधरा कौलं, एक कौल अडीच-तीन किलोचं. म्हणजे चाळीसच्या आसपास किलो. पत्रा चौरस मीटरला साडेचार-पाच किलो. थेंब आदळला की हलका पत्रा ढोलाच्या चामड्यासारखा थरथरतो. जड कौल तेवढं हलत नाही. पत्र्याला नुसता फोम चिकटवून भागत नाही, हे आमच्यातल्या एकीने आधीच्या एका शाळेत करून पाहिलं होतं. फरक पडला, पण वाचन सुरू होण्याइतका नाही.

जेवणाआधीच आम्ही उपाय, म्हणजे पत्र्याखालचं सीलिंग, कागदावर मांडला. पत्र्याखाली १५० मिलिमीटर पोकळी सोडून गॅल्वनाइज्ड सांगाडा, त्यावर ५० मिलिमीटर रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची गादी), खालून ८ मिलिमीटर सिमेंट फायबर बोर्ड. जिप्सम नको, कोकणच्या दमट हवेत ते फुगतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. पोकळीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवायची: बंद केली तर आत घाम धरतो, जाळी नसली तर वटवाघळं येतात. हे सगळं मिळून चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ४५ चौरस मीटरच्या वर्गावर पावणेसातशे किलो. छप्पर पेलणारा ट्रस तेवढं वजन घेतो का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासल्याशिवाय हात लावायचा नाही.

वर चढलोच होतो, म्हणून पत्र्याचे स्क्रूही पाहिले. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत शाळांचे पत्रे उडाले, त्यानंतर ही आमची सवय झाली आहे. वाऱ्याची ओढ कडेला, आढ्याला आणि कोपऱ्यांत सर्वांत जास्त असते. तिथे पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, मध्ये एकाआड एक चालतो. इथे सगळीकडे एकाआड एक होता. काही स्क्रू इतके आवळलेले की खालचा रबरी वॉशर चिरला होता. गळती तिथूनच होत होती.

मुलींच्या शौचालयाची पाहणी आमच्यातल्या दोघी करतात, पुरुष बाहेर थांबतात. बाई मंडळी त्यांच्याशीच मोकळेपणाने बोलतात. मुली १०५, राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे २५ मुलींमागे शौचाचं एक भांडं, म्हणजे पाच हवीत, पाच होतीही. वापरात दोनच. उरलेल्या तिन्हींना कुलूप, कारण पाणी पुरत नाही. दिवसशाळेला माणशी ४५ लिटर धरले तर २१० मुलांना रोज साडेनऊ हजार लिटर लागतात. टाक्या मात्र हजार लिटरच्या दोनच. शिवाय ९०० बाय ११०० मिलिमीटरच्या खोलीत दार आत उघडतं. मुलीला दार लावायचं तर भांड्यावर पाय ठेवून मागे सरकावं लागतं. पहिली-दुसरीच्या मुली म्हणून दार लावतच नाहीत. एक मैत्रीण बाहेर धरून उभी असते. नकाशात हे दार निर्दोष दिसतं. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडायला एका सुताराचा एक दिवस पुरतो. पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवायला एकाही खोलीत जागा नव्हती. कोपऱ्यात कडाप्प्याची फळी बसेल.

रॅम्प लहान होता. जोतं ६०० मिलिमीटर, १:१२ उताराला ७.२ मीटर हवेत, होते चार. त्यावर शेवाळ. सरळ जागा नाही, पण काटकोनात वळवून बसतो, वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवून.

तास संपल्यावर शाळा करणारा मित्र बोलला. पत्र्याच्या अंदाजपत्रकात त्याने सीलिंग धरलं होतं, मंजुरीच्या वेळी ते कापलं गेलं. आम्हा नऊपैकी सहा जणांच्या कामांत हेच झालेलं निघालं. म्हणून त्या दुपारी एकच मसुदा लिहिला: सीलिंग ‘सजावट’ या सदरात न दाखवता छपराच्याच बाबीत धरायचं, सोबत वजनाचा हिशोब आणि डेसिबलची नोंद जोडायची. नऊ जणांच्या नऊ अंदाजपत्रकांत तीच बाब, त्याच शब्दांत.

आधी एकच वर्ग करायचं ठरलं, पहिलीचा. रॉकवूल भिजता कामा नये, त्यामुळे काम दिवाळीच्या सुट्टीत. पुढच्या जूनमध्ये त्याच बाकावर बसून त्याच फोनने पुन्हा मोजायचं, आणि बाईंना ‘थेंब’ पुन्हा म्हणायला सांगायचं.