आगगाडी, बोगदा आणि दोन मायक्रोसेकंद

विशिष्ट सापेक्षतेची, म्हणजे प्रकाशाच्या जवळपासच्या वेगांना काळ आणि लांबी कशी बदलते ते सांगणाऱ्या सिद्धांताची सूत्रे मला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी तोंडपाठ होती, तरीही सराव परीक्षेत म्युऑनचे गणित चुकले: वातावरणात उंचावर जन्मणारा हा अल्पायुषी कण ऱ्हास होण्याआधी जमिनीपर्यंत पोहोचतो का? स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते. प्रकाशाच्या ०.९८ पट वेगाने तो तेवढ्या वेळात जेमतेम ६५० मीटर जाईल, पण गॅमा (वेगामुळे काळ किती पट लांबतो आणि लांबी किती पट आखडते ते सांगणारा गुणक) सुमारे ५ असल्यामुळे जमिनीच्या चौकटीत, म्हणजे जमिनीवरून मोजल्यास, हे अंतर सव्वातीन किलोमीटरच्या आसपास भरते. मी मात्र आयुष्य पाचपट केले आणि त्याच ओळीत वातावरणाची जाडीही पाचाने भागली.

पुढचा महिनाभर मी रोज संध्याकाळी साताऱ्याच्या नगरवाचनालयात बसून हीच गणिते सोडवली. वेगांच्या बेरजेची लवकर सुटली, प्रकाशाच्या ०.६ आणि ०.८ पट वेग मिळून १.४ न येता सुमारे ०.९५ येतात, आणि त्यात अडण्यासारखे फारसे नाही. अडले ते गाडी आणि बोगद्यापाशी. पुण्याहून साताऱ्याला येणारी रेल्वे बोगद्यांतून जाते, म्हणून सरांनी तेच उदाहरण घेतले होते: स्थिर असताना १००० मीटर लांबीची गाडी, ८०० मीटरचा बोगदा आणि प्रकाशाच्या ०.६ पट वेग. गॅमा १.२५, त्यामुळे बोगद्याच्या चौकटीत गाडी नेमकी ८०० मीटर भरते आणि क्षणभर पूर्ण आत मावते. गाडीच्या चौकटीत मात्र बोगदाच ६४० मीटर भरतो, मग ती मावणार कशी?

तीन दिवस मी या प्रश्नापाशी थांबले होते. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "आधी घटना लिही, सूत्र नंतर." इंजिन पलीकडच्या तोंडाशी पोहोचणे ही पहिली घटना, शेवटचा डबा अलीकडच्या तोंडातून आत येणे ही दुसरी. बोगद्याच्या चौकटीत दोन्ही एकाच क्षणी घडतात. लॉरेन्ट्झ रूपांतरण (एका चौकटीतली वेळ आणि जागा दुसऱ्या चौकटीत नेणारी सूत्रे) केल्यावर गाडीच्या चौकटीत पहिली घटना २ मायक्रोसेकंद आधी येते. मी दुसऱ्या वाटेनेही पडताळले: गाडीच्या चौकटीत इंजिन पलीकडच्या तोंडाशी असते तेव्हा गाडीचा १००० उणे ६४०, म्हणजे ३६० मीटर भाग आत यायचा राहिलेला असतो, आणि त्या वेगाने तेवढे अंतर कापायला बरोबर २ मायक्रोसेकंद लागतात. 'मावणे' म्हणजे दोन्ही टोके एकाच क्षणी आत असणे, आणि तो 'एकच क्षण' दोन्ही चौकटींत सारखा नसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत दिसले.

त्याच रात्री मी म्युऑनचे गणित पुन्हा मांडले. त्याचा जन्म आणि ऱ्हास या दोन्ही घटना त्याच्या स्वतःच्या चौकटीत एकाच जागी घडतात, म्हणून पाचाने गुणायचा तो फक्त त्याच्या घड्याळातला काळ. वातावरणाची जाडी जमिनीच्या चौकटीत होती तेवढीच ठेवायची.