उजव्या कानशिलावरची कॅप्सूल

त्या दिवशी पडद्यावरचे सगळे आकडे बरोबर होते, म्हणूनच ती केस अजून डोक्यातून जात नाही.

औषधांना दाद न देणारं नैराश्य, टीएमएसचं, म्हणजे डोक्यावर धरलेल्या कॉइलने चुंबकीय झटके (पल्स) देऊन मेंदूचा ठरावीक भाग उत्तेजित करणाऱ्या उपचाराचं, पहिलं सत्र. कॉइल मेंदूवर नेमकी कुठे आहे ते एमआरआयवर दाखवणाऱ्या नेव्हिगेशन यंत्रणेसाठी नाकाचं मूळ आणि दोन्ही कानांपुढच्या खुणा पॉइंटरने टिपल्या, कवटीवरचे बिंदू घेतले. खरं डोकं आणि पडद्यावरचा एमआरआय यांच्या जुळणीतली चूक २ मिमीच्या आत. बरेच जण इथेच निर्धास्त होतात.

खरं काम पुढे असतं: झटक्याची तीव्रता ठरवायला हाताच्या स्नायूचा प्रतिसाद मोजायचा. उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यातल्या स्नायूवर एक इलेक्ट्रोड, दुसरा तर्जनीच्या सांध्यावर, अर्थिंगचा मनगटावर. त्वचा स्पिरिटने नीट पुसली नाही, तर ५० हर्ट्झची घरघर येते आणि लहान प्रतिसाद तिच्यात बुडून जातो. हात उशीवर सैल हवा. नकळत बोटं आवळली गेली तर थ्रेशोल्ड (स्नायूचा प्रतिसाद मिळायला लागणारी किमान तीव्रता) कमी येतो आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, मध्यरेषेशी ४५ अंशांत, तिची दांडी मागे. मग अर्धा-अर्धा सेंटिमीटर सरकवत, दोन पल्समध्ये निदान ५ सेकंद सोडत, सर्वांत मोठा प्रतिसाद देणारा हॉटस्पॉट शोधायचा. १० पैकी ५ पल्सना ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद मिळेल अशी सर्वांत कमी तीव्रता, तो मोटर थ्रेशोल्ड. उपचार त्याच्या १२० टक्क्यांवर.

बोट स्वच्छ उडत होतं. पण हात हलवणारा भाग मेंदूच्या घडीत उलट्या ओमेगासारखा वळतो, तो बाक पडद्यावर ओळखू येतो, आणि आमचा हॉटस्पॉट त्याच्या दीड सेंटिमीटर पुढे पडला होता. हॉटस्पॉट थोडा पुढे सरकतोच, इतका नाही.

"मॅडम, एरर हिरवा आहे. सुरू करू या?"

नको म्हटलं आणि चेहऱ्याचं त्रिमितीय चित्र फिरवून पाहिलं. डाव्या कानशिलावर बारीकसा उंचवटा. स्कॅनच्या वेळी मेडिकलमधली व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल आम्ही मायक्रोपोरने चिकटवतो. तेल टी-वन प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत पांढरंशुभ्र दिसतं. ती आम्ही नेहमी उजव्या बाजूला लावतो. म्हणजे पडद्यावरचा मेंदू आरशातला होता.

नेव्हिगेशनची जुनी आवृत्ती फक्त ॲनालाइझ फॉरमॅट घेते, म्हणून स्कॅनरच्या मूळ डायकॉम फायली तशा बदलल्या होत्या. त्या फॉरमॅटच्या हेडरमध्ये, म्हणजे प्रतिमेसोबतच्या माहितीच्या नोंदीत, डावं-उजवं खात्रीने नोंदलेलं नसतं. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला समज धरून चालतं. निफ्टी फॉरमॅटमध्ये ही नोंद असते, पण ती वाचणारं सॉफ्टवेअर हवं. डोकं दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच, त्यामुळे उलटी प्रतिमाही खऱ्या डोक्यावर छान बसते. जुळणीची चूक याबद्दल काहीच सांगू शकत नाही, आणि तिला हिरवा रंग देणाऱ्यांनी वापरणाऱ्यांची मोठी दिशाभूल केली आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

उपचाराचं लक्ष्य कपाळामागच्या डीएलपीएफसी या मेंदूच्या भागात, डाव्या बाजूला होतं. हॉटस्पॉटपासून ५ सेंमी पुढे मोजायची जुनी रीत अनेकदा प्रीमोटर, म्हणजे हालचालींची आखणी करणाऱ्या, भागात नेऊन सोडते, म्हणून आम्ही ते रुग्णाच्याच एफएमआरआयवरून (मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनवरून) काढतो. तोही स्कॅन त्याच मार्गाने उलटला होता. दोन्ही प्रतिमा एकमेकींशी चोख जुळत होत्या, आणि डावं म्हणून काढलेलं लक्ष्य खरं तर उजव्या मेंदूचं होतं. नव्याने काढलं, तेव्हा ते सव्वा सेंटिमीटर बाजूला आलं. कॉइलचा नेमका प्रभाव पडतो तो भागच साधारण तेवढा असतो. रुग्णाला सगळं सांगून सत्र दुसऱ्या दिवशी घेतलं.

आता जुन्या फायली काढून बसलो आहोत. मूळ डायकॉम असलेल्या पुन्हा बदलून पाहता येतात. जिथे बदललेलीच फाइल उरली आहे आणि कॅप्सूलही लावलेली नव्हती, तिथे मेंदूच्या बारीक असमानतेखेरीज हॉटस्पॉटच्या जागेची नोंद एवढाच धागा आहे, आणि काही सत्रांत कोणी ती सेव्हच केलेली नाही.