तुम्ही विचारलंत म्हणून: मयतीच्या घरचा पहिला फोन मलाच का येतो?

हे मला इतक्यांदा विचारून झालंय, बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, परवा तर एका मुंजीच्या पंगतीत सुद्धा, की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. खरं सांगू का, मला त्यातलं काही येत नाही. मला फक्त एक दुकान माहितीये.

दादरला एका गल्लीत आहे, जेमतेम दहा बाय आठचं, पाटीवर ‘अंत्यविधीचे सर्व सामान मिळेल’ एवढंच. आता बसतात ती तिसरी पिढी, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

२००३ला बाबा गेले, घरीच, रात्री पावणेदोनला. आत्या एक सांगतेय, मामा दुसरंच, मी कागद घेऊन यादी करतोय आणि हात असा कापतोय की मलाच वाचता येईना, शेवटी कोणीतरी खिशात पैसे कोंबून मला पिटाळलं. काकांनी यादी बघितलीच नाही. पहिला प्रश्न, डॉक्टर येऊन गेले का, दाखला दिला का? घरी वारलेल्या माणसाचा फॉर्म ४-अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, डॉक्टरने भरून दिल्याशिवाय स्मशानात पुढचं काही होत नाही, आणि आमच्याकडे तीस माणसं जमलेली पण हे एकाच्याही डोक्यात नाही. दुसरा प्रश्न, कितवा मजला, लिफ्ट केवढी? वरती तिरडी बांधून बसलात तर लिफ्टमध्ये मावायची नाही, जिन्याच्या वळणाला अडकेल, खाली आवारातच बांधा. मग विचारलं लाकूड का इलेक्ट्रिक, म्हटलं लाकूड, तर म्हणाले ते स्मशानात पालिकेकडून फुकट मिळतं, साधारण ३०० किलो, बाहेर कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

हे सगळं बोलता बोलता सामान निघत होतं. दोन लांब बांबू, कामट्या, सुतळी, गवत, मांजरपाट, मडकी, गोवऱ्या, कापूर, तूप, राळ, काळे तीळ, दर्भ, तुळशीची माळ. बाबा माळकरी, म्हणून गुलालाची पुडी परत ठेवून बुक्का घातला. मी सांगितलं नव्हतं, माझ्या गळ्यातली माळ बघून त्यांनीच ओळखलं. सवाष्ण गेली तर हिरवी साडी आणि ओटी, गुजराती घर असेल तर तिरडीच्या चार कोपऱ्यांना चार नारळ, बौद्ध घर असेल तर पांढरं कापड आणि मेणबत्त्या, हे सगळं त्यांच्या डोक्यात, कुठे लिहिलेलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, मडकं फोडलेला दगड टाकू नका हं, अश्मा तो, दहाव्यापर्यंत लागतो. (आमच्या एका नातेवाइकांनी टाकला होता, नंतर रात्री टॉर्च घेऊन शोधत होते.)

पैसे तेव्हा घेतले नाहीत. दिवस झाल्यावर द्या म्हणाले. ‘या’ म्हणायची पद्धत त्या दुकानात नाहीच, तुम्ही निघालात की ते नुसती मान हलवतात.

आमच्याकडची माणसं जातात ती शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत, भागोजीशेठ कीर यांच्या नावाची आहे ती. रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातला पोरगा, मुंबईत येऊन बडा कंत्राटदार झाला, रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ला त्यांच्याच पैशातून उभं राहिलं, ते लोकांना माहीत असतं, पण दादरच्या या जागेमागेही तेच होते हे तिथे रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मला हे काकांनीच सांगितलं. त्यांचे आजोबा म्हणायचे म्हणे, शेठने जागा दिली, आपण निदान सुतळी तरी न तुटणारी द्यावी. सुतळी अजून स्वतः ओढून बघतात.

कोविडात मी घाबरून फोन केला होता, शेजारच्या आजी हॉस्पिटलात वारल्या होत्या. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा, आणि कोविडची बॉडी तर पिशवीतच, जवळ जायचीही चोरी. मी विचारलं काय काय घेऊ. काही नको म्हणाले, तिरडी कशाला विकू तुम्हाला, तुळशीचं पान आणि गंगाजल घेऊन जा, लांबून का होईना. पैसे? गप्प बसले. धंद्याचे दिवस होते हो ते, दुसरा कोणी असता तर पूर्ण सेट गळ्यात मारला असता.

तर फोन आला की मी त्यांना फोन करतो, ते प्रश्न विचारतात, तेच मी मयतीच्या घरी विचारतो, आणि लोकांना वाटतं मला फार कळतं.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो. हात पुसून घेतली, वाचली, गल्ल्यावर गणपतीच्या फोटोपाशी ठेवली. आले नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, अहो तुमचे अर्धे पाहुणे मला ओळखतात, जेवताना घास अडकला असता त्यांचा. मुलाकडून आहेर मात्र पाठवला होता, १०१ रुपये, पाकिटावर नाव घातलेलं. तोवर माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘काका सामान’ म्हणून सेव्ह होता. पाकीट बघून मी तो नीट नावाने सेव्ह केला. नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.