काळ्या रानातले लोखंड

सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात मेटल डिटेक्टर घेऊन उतरलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात जे सापडते ते लोखंड असते, आणि शेवटच्या अर्ध्या तासात जे सापडते तेही बहुधा लोखंडच असते. माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. ते बंद केल्यावर हातांना काही उद्योग हवा म्हणून मी हे यंत्र घेतले, आणि पुढे ओळखीपाळखीतून शेतात हरवलेले दागिने शोधून देण्याची कामे येत गेली. रब्बीची ज्वारी आमच्याकडे हाताने उपटून काढतात. दिवसभर ताटे उपटताना बोटातली अंगठी सैल होऊन पडते, गळ्यातला दोरा ताटात अडकून तुटतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात.

गेल्या वर्षी मोहोळ तालुक्यातल्या एका रानातून असेच बोलावणे आले. घरातल्या सुनेच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला होता. मणी वेचून झाले, दोनपैकी एक वाटी सापडली, दुसरी काही मिळेना. वाटी म्हणजे पातळ पत्र्याची, पोकळ आणि वजनाला जेमतेम. मी नवशिक्या उत्साहात डिस्क्रिमिनेशन बऱ्यापैकी वर चढवून, म्हणजे लोखंडाचे सगळे आवाज बंद करून, चार तास रान पालथे घातले. यंत्र अगदी शांत होते आणि त्या शांततेचे मला समाधानही वाटत होते. घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगा दर थोड्या वेळाने बांधावरून विचारत होता, “काका, गावलं का वो?” त्या दिवशी काहीच गावले नाही.

चूक माझी होती, आणि ती समजून घ्यायची तर लोखंड या यंत्राला कसे दिसते ते पाहावे लागते. यंत्राच्या टोकाची कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, जमिनीत काही हजार हर्ट्झ वारंवारतेचे बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे सोने, चांदी, तांबे यांसारख्या धातूंत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र उलट येते, आणि पाठवलेल्या व परत आलेल्या लहरींमधल्या फेजच्या, म्हणजे त्या एकमेकींच्या किती मागे-पुढे आहेत याच्या, फरकावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. लोखंड मात्र एकाच वेळी दोन उद्योग करते. ते स्वतः चुंबकित होते आणि वीजवाहक असल्याने त्यात भोवरा-प्रवाहही उठतात. बारीक, लांब खिळ्यात पहिला परिणाम वरचढ असतो, म्हणून तो घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज देतो. वायसर, कडी, डब्याचे झाकण अशा रुंद किंवा गोल वस्तूंत दुसरा परिणाम वरचढ ठरतो, आणि गंजलेले वायसर चांदीच्या रुपयाच्या थाटात बोलू लागते. त्यात आमची माती स्वतःच अर्धी लोखंडाच्या बाजूची आहे. ती दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली असल्यामुळे तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. वाळलेल्या मातीतून चुंबक फिरवला की त्याला काळ्या पुडीची दाढी येते. अशा जमिनीत ग्राउंड बॅलन्स न करता, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वजा न करता, काम सुरू करणे म्हणजे काटा न जुळवलेल्या तराजूने सोने मोजणे होय.

रानात एवढे लोखंड येते कुठून, याचे मला सुरुवातीला आश्चर्य वाटे. बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या आणि त्यांचे खिळे यांचा वाटा मोठा आहे, कारण बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने प्रत्येक भागाला वेगळी पत्री लागते आणि ती झिजून गळतेच. त्याखेरीज गाडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे, खुरप्यांची मोडलेली टोके, कुळवाच्या पासेचे कपचे, कुंपणाची काटेरी तार आणि अलीकडे रोटाव्हेटरचे नटबोल्ट. पण बारीक लोखंडाचा खरा पुरवठा उकिरड्यातून होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. घरातला मोडका बिजागर, खाटेची पट्टी, चुका म्हणजे बारीक खिळे, तारेचे तुकडे हे सगळे शेणखताबरोबर गाडीत भरले जाते आणि रानभर समान विखुरले जाते. जुन्या खळ्याच्या जागी तर विचारूच नये. गावाबाहेर जिथे घिसाडी लोकांची पाले पडत, तिथे लोखंडाच्या किटाचे खडे इतके असतात की यंत्र बंद करून पुढे जाणेच शहाणपणाचे.

पहिल्या दिवशी हात हलवत परतल्यावर मी घरी एक प्रयोग केला. जुन्या पाटावर चार खिळे आणि मधोमध सोन्याचे कानातले ठेवून वेगवेगळ्या दिशांनी कॉइल फिरवली. (पाटालाच मुळात खिळे ठोकलेले असतात हे कळण्यात अर्धा तास गेला, शेवटी पुठ्ठा वापरला.) डिस्क्रिमिनेशन वर असताना यंत्र खिळ्याला गप्प करत होते आणि त्या गप्प राहण्याच्या क्षणात शेजारचे सोनेही गिळत होते. कॉइल झपाट्याने फिरवली तर हमखास, कारण एका वस्तूच्या आवाजातून सावरून दुसरीकडे लक्ष देण्यासाठी यंत्राला काही क्षण लागतात. दुसरी गोष्ट अधिक काळजीची होती. माझ्या यंत्राच्या पडद्यावर शून्य ते नव्व्याण्णव असे आकडे येतात आणि पातळ सोन्याचा आकडा लोखंडाच्या हद्दीला अगदी चिकटून येतो. त्यामुळे लोखंड गाळण्याची रेषा जरा जरी वर सरकली, तरी लोखंडाबरोबर वाटीही गाळली जाते.

त्यानंतर मी आवाज बंद करणे सोडले आणि ऐकायला शिकलो. आता डिस्क्रिमिनेशन शून्यावर असते. फक्त लोखंडाच्या आवाजाची पातळी कमी ठेवतो, म्हणजे घोगरा सूर मागे चालू राहतो आणि त्यातून वेगळा सूर उठला तर कानाला कळतो. मोठी कॉइल काढून सहा इंची लावतो, म्हणजे एका वेळी तिच्याखाली कमी खिळे येतात. संवेदनशीलता दोन-तीन घरे खाली आणतो. खोली थोडी कमी मिळते, पण नुकत्याच हरवलेल्या दागिन्यासाठी तेवढी पुरते.

संशयास्पद सूर लागला की मी जागच्या जागी नव्वद अंशांनी वळून पुन्हा कॉइल फिरवतो. आडवा पडलेला खिळा एका दिशेने दोनदा टकटक करतो, दुसऱ्या दिशेने घोगरतो किंवा विरून जातो, आणि पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे नेमकी जागा हेरल्यावर, त्याचा मध्य बोटभर बाजूला सरकलेला दिसतो. अंगठी किंवा नाणे चारही बाजूंनी जवळपास तेच बोलते आणि जागा सोडत नाही. धावेसारखे मोठे लोखंड वेगळ्या रीतीने उघडे पडते: कॉइल वीतभर उचलली तरी त्याचा आवाज तसाच पसरट राहतो, तर लहान वस्तूचा झटकन मरतो. वायसर मात्र या सगळ्या परीक्षा उत्तीर्ण होते. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही. ते खणूनच काढावे लागते. खणताना ढेकूळ हलल्यावर उंच सूर एकदम पडला, तर खाली लोखंड आहे असे मी धरून चालतो आणि तरीही ते काढतो.

नाण्यांच्या बाबतीत परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची एक फसगत होते. आपली १९८८ नंतरची पंचवीस आणि पन्नास पैशांची आणि १९९२ नंतरची एक रुपयाची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. लोखंड गाळायला बसाल तर ती सहज हातची जातील, आणि शाळेच्या मैदानावर मुलांनी सांडलेला खाऊचा पैसा यंत्राला भंगार वाटेल. जुन्या नाण्यांच्या मागे लागणाऱ्यांनी १८७८ चा निखात निधी कायदाही वाचावा. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यात बंधनकारक आहे. आणि भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूच्या परिसरात हे यंत्र बाहेरच काढू नये.

मोहोळच्या रानात मी आठ दिवसांनी परत गेलो. या वेळी साऱ्या रानाऐवजी, सुनेने दाखवलेल्या चार सऱ्यांमध्येच दोरी ताणून, वीत-वीत अंतराने गुडघ्यावर सरकत गेलो. पहिल्या दोन तासांत अकरा खिळे, एक पत्री आणि कोयत्याच्या मुठीची कडी निघाली. प्रत्येक तुकडा काढल्यावर तीच जागा पुन्हा ऐकायची, असे ठरवले होते. बांधाजवळच्या एका भेगेवर घोगरा सूर स्पष्ट होता. त्यातून बैलाच्या पत्रीचा मोडका खिळा निघाला. त्याच जागेवर कॉइल पुन्हा फिरवली तेव्हा खालून एक बारीक, स्वच्छ, चारही दिशांनी सारखा सूर आला. वाटी भेगेत चार बोटे खाली होती, आणि खिळा तिच्या बरोबर वर, आडवा.

वाटी घरात गेली, चहा झाला. निघताना मी काढलेले लोखंड बांधावर टाकणार, तेवढ्यात आजींनी हटकले, “तितं टाकू नगा दादा, परत रानातच येतंय.” तेव्हापासून पिशवीत एक पत्र्याचा डबा असतो. तो भरला की भंगारवाल्याकडे जातो, आणि तो कधी चहापुरते पैसे देतो, कधी नुसताच डबा रिकामा करून घेतो.