आडेले लोकांवरील नोंद लिहिताना

एका मराठी कोशासाठी पश्चिम आफ्रिकेतील शेतकरी समाजांवर नोंदी लिहिण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा आडेले लोकांवरील छोटी नोंद आठवडाभरात हातावेगळी होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती संपादकांकडून दोनदा परत आली आणि तिसऱ्या खर्ड्यालाच मान्यता मिळाली.

सुरुवात नावापासूनच अवघड होती. रोमन लिपीत हे नाव एका प्रसिद्ध इंग्रज गायिकेच्या नावासारखेच लिहिले जात असल्याने शोधाला आधी तिचीच गाणी लागत, तर जुन्या जर्मन लेखनात ‘आडेली’ असे रूप आढळे. हे लोक स्वतःला बिदिरे आणि आपल्या भाषेला गिदिरे म्हणतात, हे कळल्यावर वाट थोडी मोकळी झाली. मराठा आणि मराठी या शब्दांत आपल्याकडे शेवट बदलतो. तेथे मात्र शब्दाचा आरंभ बदलतो आणि ‘दिरे’ हा भाग तसाच राहतो. त्यामुळे प्रत्येक ग्रंथाची सूची मला निरनिराळ्या अक्षरांखाली पुन्हा पाहावी लागली.

पहिल्या खर्ड्यात मी ‘घानातील एक जमात’ असे लिहिले होते, आणि मग टोगोमधील आडेले गावांचे काय, असा प्रश्न संपादकांनी समासात लिहून पाठवला. तो रास्त होता. जर्मन टोगोलँड ही वसाहत 1884 मध्ये किनाऱ्यावर सुरू झाली आणि 1888 मध्ये लुडविग वोल्फ या जर्मन संशोधकाने बिस्मार्कबुर्ग हे ठाणे आडेले प्रदेशातच उभारले. 1914 मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने ही वसाहत जिंकली, पुढे तिची वाटणी झाली, 9 मे 1956 च्या सार्वमतानंतर ब्रिटिशांकडील पश्चिम भाग 1957 मध्ये घानात गेला आणि फ्रेंचांकडील पूर्व भाग 27 एप्रिल 1960 रोजी टोगो म्हणून स्वतंत्र झाला. एका समाजाचे दोन देशांत विभागले जाणे हीच या नोंदीतील मुख्य गोष्ट असताना मी ती पहिल्या वाक्यातच पुसून टाकली होती, याचे मला फार वाईट वाटले. ते वाक्य मी ‘घाना आणि टोगो यांच्या सीमेवरील डोंगराळ भागात राहणारा शेतकरी समाज’ असे नव्याने लिहिले.

दुसऱ्यांदा नोंद परत आली ती प्रदेशाच्या नावामुळे. माझ्या आधारग्रंथांत घानामधील डादियासे व आसपासची आडेले गावे व्होल्टा प्रदेशात दाखवलेली होती, परंतु डिसेंबर 2018 च्या सार्वमतानंतर त्या प्रदेशाचा उत्तर भाग वेगळा होऊन ओती प्रदेश झाला आहे.

शेतीच्या परिच्छेदाने मात्र मला आनंद दिला. मातीचे उंच ढीग करून लावल्या जाणाऱ्या याम या कंदाला मी आधी सरळ ‘कोनफळ’ म्हटले होते. नंतर तिकडे मुख्यतः लावला जाणारा याम त्याच कुळातला, पण वेगळ्या जातीचा असल्याचे ध्यानात आले, म्हणून ‘कोनफळाच्या कुळातील कंद’ असे लिहिले. कसावासाठी ‘ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो’ एवढे पुरेसे ठरले.

भाषेबद्दल लिहिताना मी एका शब्दावर अडून बसले. गिदिरे ज्या गटात मोडते त्याला 1912 पासून जर्मन अभ्यासक टोगोच्या ‘उरलेल्या भाषा’ म्हणत आले. ज्या भाषेत आजही घरोघरी बोलले जाते, तिला उरलेली म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ‘घाना-टोगो डोंगराळ भाषा’ हे पुढे रूढ झालेले नाव मी वापरले आणि जुने नाव केवळ इतिहास म्हणून एका वाक्यात ठेवले.

तिसरा खर्डा पाठवताना मी एकच विनंती केली होती आणि ती मान्य झाली: ‘ब’ अक्षराखाली आता ‘बिदिरे : पाहा आडेले’ अशी स्वतंत्र ओळ छापली जाणार आहे.