ट्रॅक्टरच्या बॅटरीने जागी झालेली गाडी

गेल्या मे महिन्यातल्या एका दाट लग्नतिथीला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मला शेजारच्या गावातून फोन आला. पुण्याच्या जावईबापूंची नवी इलेक्ट्रिक गाडी मांडवाकडे जाणाऱ्या बोळात उभी आहे, तिचे दार उघडत नाही, ती ढकलताही येत नाही आणि तिच्यामागे स्वयंपाकाच्या पाण्याचा टँकर अडकला आहे, असा तो निरोप होता. पेटी, मल्टीमीटर आणि जंपर केबल घेऊन मी दुचाकीवर निघालो.

धामणगाव रेल्वेच्या बाजूला माझे छोटे गॅरेज आहे. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि पूर्वी फक्त चित्रात पाहिलेल्या गाड्या आमच्या टपरीसमोर चहाला थांबू लागल्या. वाहनांचे मला लहानपणापासून वेड आहे, पण माझी आवड मेकॅनिकची आहे. गाडी धावते कशी, हे मी नंतर पाहतो. बंद पडल्यावर ती माणसाला हात लावू देते की नाही, हे आधी पाहतो. या कसोटीवर 2005 साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, मला आजही मोठा वाटतो, कारण त्याचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन खेड्यातल्या पोराच्याही समजुतीत बसते. 2009 ची नॅनो त्याहून विचित्र. इंजिन मागे, सुरुवातीच्या गाड्यांना मागचे दार उघडण्याची सोयच नाही आणि चाकाला नट फक्त तीन. लोक हसत, मला मात्र त्या तीन नटांमागची काटकसर फार आवडली होती. 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांशी माझे तितकेसे जमत नाही. धुरातली काजळी अडवणारी त्यांची जाळी शेत ते घर अशा तुटक फेऱ्यांत पुरेशी तापत नाही आणि चोंदते. मग गिऱ्हाइकाला मी पान्याऐवजी पुलगावपर्यंत एकसारख्या वेगाने एक चक्कर मारून यायला सांगतो. औषध लागू पडते, पण त्याचे पैसे कोणत्या तोंडाने मागावेत?

बोळात पोहोचलो तेव्हा गाडीभोवती निम्मे वऱ्हाड जमले होते. दारांच्या मुठी पत्र्यात सपाट बसलेल्या होत्या आणि आतल्या स्क्रीनचा पडदा काळा पडला होता. एक काकाजी बैलजोडी घेऊनच आले होते. "दोर बांधा अन् ओढा, दोन मिन्टाचं काम हाय," असा त्यांचा आग्रह. मी त्यांना हात जोडले. गाडी चाके जाम करणाऱ्या 'पार्क' स्थितीत अडकलेली होती, हँडब्रेक विजेवरचा होता, आणि अशी गाडी मोटरला जोडलेल्या चाकांवर ओढली तर चाकांबरोबर मोटरही फिरते आणि उलटी वीज तयार करू लागते. बैलांनी गाडी ओढली असती यात शंका नाही. पण मागे काय काय मोडले असते, याचा हिशेब जावईबापूंना पुण्यात जाऊन द्यावा लागला असता.

"रात्री हळदीच्या वेळी गाडीत कोणी बसले होते का?" असे मी विचारले. दोन मुले खाली पाहू लागली. ब्रेक न दाबता नुसते बटण दाबून त्यांनी उशिरापर्यंत गाणी ऐकली होती. मला रोग तिथेच कळला. मोठ्या बॅटरीत निम्म्याहून जास्त चार्ज आहे, असे जावईबापू पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरेही होते. पण त्या मोठ्या बॅटरीचे संपर्क जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, चालतात ते साध्या 12 व्होल्टच्या लहान बॅटरीवर, आणि रात्रीची गाणीही तिच्यावरच वाजली होती. तीच उतरली की कोठार भरलेले आणि कुलपाची किल्ली हरवलेली, अशी अवस्था होते. आमच्याकडच्या उन्हात शिसे-आम्लाची बॅटरी तशीही लवकर म्हातारी होते.

रिमोटच्या पोटात लोखंडी चावी असते, हे जावईबापूंना ठाऊक नव्हते. ती काढून मुठीजवळची टोपी उचकटली, दार उघडले आणि आतली तार ओढून बोनेट वर केले. नारिंगी रंगाच्या जाड तारांना कोणी बोट लावू नये, असे मी मोठ्याने बजावले, कारण त्यांतला प्रवाह दुसरी संधी देत नाही. प्लास्टिकच्या झाकणाखाली लहान बॅटरी सापडली, मीटरने 8.9 व्होल्ट दाखवले.

आता बारा व्होल्ट आणायचे कुठून? मांडवापाशी एक ट्रॅक्टर उभा होता. त्याची बॅटरी मी सोडवून आणली. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी फुलासारखी फुलली होती. ती कढत पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून काढली तेव्हा खालचे शिसे चमकले. लाल केबल आधी, काळी सर्वांत शेवटी आणि तीही बॅटरीपासून दूर, बॉडीच्या उघड्या बोल्टवर, कारण ठिणगी पडलीच तर ती बॅटरीच्या वायूजवळ पडू नये. पाच मिनिटे थांबून ब्रेक दाबला आणि बटण दाबले. गाडीच्या पोटातून 'टक' असा एकच आवाज आला, पडदा उजळला आणि मीटर 14 च्या वर सरकले. मोठी बॅटरी धाकटीला भरवू लागली होती. गाडी पुढे घेतली आणि टँकर मांडवाकडे गेला.

लहान बॅटरी भरावी म्हणून मी गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवली आणि, खरे सांगायचे तर, अशा गाड्यांबद्दलचा माझा जुना आकस तिथे थोडा ढिला झाला. पाय ठेवताच ती दबकत नाही, गिअर शोधत नाही. पाय उचलला की स्वतःच आवरते आणि उताराची वीज परत घेते. इतकी शांत, की पुढच्या बंडीवाल्याला मागे कोणी आहे हे कळलेच नाही आणि मला हॉर्न वाजवावा लागला. तरीही सपाट मुठी करणाऱ्याला एकदा आमच्या बोळात, उन्हात, अंगावर लग्नाचे कपडे घालून उभे करावे, हे माझे मत कायम आहे.

परत येऊन मी जावईबापूंकडून लोखंडी चावीने दार तीन वेळा उघडून घेतले. नवी लहान बॅटरी दुसऱ्या दिवशी धामणगावहून घ्यायची ठरली. मग ट्रॅक्टरची बॅटरी जागेवर बसवली. मालक जरा धास्तावले होते, "माह्या बॅटरीतली वीज तं नाही ना गेली त्याच्यात?" असे म्हणत त्यांनी चावी फिरवली, आणि ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात धूर सोडून सुरू झाला.