ताडपत्रीखालचा हायड्रोजन

गेल्या वैशाखात रायगडच्या किनाऱ्यावरील एका खाडीत, स्पंज आयर्न भरलेल्या बार्जची जोखीम तपासायला गेलो होतो. उधाणाची भरती दुपारी होती; ती चुकली असती तर मुखाशी साचलेल्या गाळावरून भरलेली बार्ज काढायला पुढच्या उधाणाची वाट पाहावी लागली असती, त्यामुळे सर्वांनाच माझ्या सहीची घाई होती.

स्पंज आयर्नला ते भरणारेही साधे लोखंड समजतात. प्रत्यक्षात खनिजातील ऑक्सिजन काढून घेतल्यामुळे त्या गोळ्या आतून सच्छिद्र झालेल्या असतात आणि पाणी, त्यातही खारे पाणी लागले की तापून हायड्रोजन सोडतात. २००४ मध्ये कोलंबियाजवळ ‘यथान’ जहाजावर अशाच मालाच्या चुऱ्यातून निघालेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन कॅप्टनसह सहा जण गेले. अशा गोळ्यांत ओलावा ०.३ टक्क्यांपेक्षा कमी हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कागदावर आकडा बसत होता. पण नमुना गोदामातला होता, आणि आदल्या संध्याकाळी जेट्टीवरच्या ढिगावर वळवाची सर येऊन गेली होती. ते कोणीही नोंदवले नाही, हे मला अक्षम्य वाटते.

बार्ज चालवणाऱ्या सारंगांनी मालावरची ताडपत्री गच्च आवळली होती. ती पाऊस अडवते, तसाच वायूही अडवते. हायड्रोजनला वास नसतो आणि हलका असल्याने तो वर साचतो. म्हणून मापकाची नळी ताडपत्रीखाली सर्वांत उंच जागी सरकवावी लागते. तिथे ०.६ टक्का मिळाला. मर्यादा १ टक्क्याची, पेट घेण्याची सुरुवात ४ टक्क्यांपासून. म्हणजे आमच्या तपासणी-तक्त्यानुसार जोखीम ‘मध्यम’.

उतरताना सारंग म्हणाले, “साहेब, पोरं मागं झोपतात, तिथंही बघा ना.” मागच्या केबिनमध्ये स्टोव्हवर भात शिजत होता. मी आधी स्टोव्ह विझवायला लावला. मालाच्या कप्प्याला लागून असलेल्या आडभिंतीत केबलसाठी पाडलेले मुठीएवढे भोक होते आणि त्यात गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता. छताशी नळी धरली, तर ०.१ टक्का.

मी बार्ज रोखली. दुसऱ्या सकाळी ताडपत्रीखाली ०.९ भरले. मर्यादा ओलांडली नव्हती, म्हणून उधाण विनाकारण घालवले, असे आमच्याच कार्यालयातून ऐकावे लागले. आमच्या तक्त्यात मालाविषयी पानभर प्रश्न आहेत. खलाशी कुठे झोपतात, कुठे रांधतात, हा एकही नाही.

त्याच हंगामात अशा दोन बार्जना मी सही दिली होती. त्यांच्या मागच्या केबिनमध्ये मी डोकावलोही नव्हतो.